कळ्या आल्यावरची छाटणी

मित्रांनो, मी एक जुना पांढरा चाफा आहे. जुन्नर तालुक्यात द्राक्षबागांच्या पट्ट्यातल्या एका अंगणात मी उभा आहे. माझी हकीकत तुम्ही ऐकावी अशी आहे की नाही, याची मला खात्री नाही. कधी न फुललेल्या चाफ्याने स्वतःबद्दल बोलावं तरी काय? पण मनात सलतं, म्हणून सांगतो.

माझं मूळ झाड आणे पठारावर, ठमाबाईच्या माहेरी होतं. तिची आई गेली आणि भावांनी परसात स्लॅबचं घर काढलं, तेव्हा ते तोडलं गेलं. ठमाबाईने त्यातली हातभर फांदी फडक्यात गुंडाळली आणि एसटीने सासरी आणली. तिचा नवरा हौशीराम मला पाहून हसला.

"माहेराहून सरपण आणलंस व्हय?"

तिने मनावर घेतलं नाही. चीक सुकेपर्यंत मला सावलीत ठेवलं, मग मोरीपासून लांब, उन्हात लावलं. जास्त पाण्याने मी कुजेन म्हणून हौशीरामची बादली ती अर्ध्यातून परत पाठवी. थंडीत माझी पानं गळली की शेजारची साळुबाई म्हणे, मेलं गं तुझं झाड. ठमाबाई नखाने साल किंचित खरवडून आतला हिरवा रंग दाखवी आणि सांगे, निजलाय तो. ही आहे तोवर आपल्याला भय नाही, असं मला वाटे.

काही वर्षांनी एका चैत्रात माझ्या उघड्या फांद्यांच्या शेंड्यांवर कळ्या धरल्या. त्या पहिल्यांदा तिलाच दिसल्या. पहिलं फूल आईच्या फोटोला वाहायचं, असं ती माझ्याशी हळूच बोलली. मी त्या फुलाची तिच्याहून अधिक वाट पाहत होतो.

ते दिवस द्राक्षाच्या खरड छाटणीचे, फळ उतरल्यावर वेलींच्या काड्या आखूड कापायचे. छाटणीत हौशीरामचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्याची बाग पाहायला अवसरीहून पाहुणे आले आणि जेवून अंगणात बसले. त्यांच्यातल्या एकाची नजर माझ्यावर गेली.

"हौशीरामभाऊ, लोकांच्या बागा छाटता आन सोताच्या दारात हे वाळकं?"

सगळे हसले. हौशीराम कात्री घेऊन उठला. काडी ती काडी, म्हणाला, छाटल्याबिगर फुटत न्हाई. तरी माझ्याजवळ येऊन तो थांबला आणि दारात उभ्या असलेल्या ठमाबाईला त्याने विचारलं,

"छाटू का गं?"

मित्रांनो, त्याने विचारलं होतं. तिने माझ्या शेंड्यांकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"छाटा की. तुमाला कळतंय त्यातलं."

कळ्यांसकट सगळे शेंडे खाली पडले. चीक ठिबकत राहिला. संध्याकाळी तिने माझ्या खोडावर हात ठेवला. चार माणसांत त्यांची मान खाली गेली असती रे, असं म्हणाली. मला ते समजलं. पण तिने सालीखालचा हिरवा रंग साळुबाईला दाखवला होता, तो त्या दिवशी कोणालाच का दाखवला नाही, हे आजवर समजलेलं नाही.

तेव्हापासून दरसाल बागेबरोबर माझीही छाटणी होते. एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पावसाळ्यात मी इतका दाट होतो की येणारेजाणारे हौशीरामच्या हाताचं कौतुक करतात. कात्री धरणाऱ्यावर माझा राग नाही. त्या शेंड्यांवर कळ्या आहेत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला मात्र एखाद्या मुक्या जिवाबद्दल काही ठाऊक असेल, तर ते चार माणसांसमोर बोला. मागून खोडावर फिरवलेल्या हाताने कळी परत येत नाही.

आज पुन्हा चैत्र आहे. हौशीराम पायरीवर बसून कात्रीला धार लावतो आहे. ठमाबाई ओट्यावर हरभरे निवडते आहे. माझ्या शेंड्यांवर कळ्या आहेत, आणि तिने त्या पाहिल्या आहेत.