विम्यासाठी उतरलेला तोडा

मी एक जुना चांदीचा तोडा आहे. जुना म्हणजे झिजलेला, टाकाऊ नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो. चोपड्याच्या यशोदाबाईंच्या डाव्या पायात माझा सगळा जन्म गेला. उजव्या पायात माझा भाऊ. रुपचंद सोनाराच्या वडिलांनी आम्हा दोघांना एकाच लगडीतून घडवलं. मित्रांनो, आम्ही काही हल्लीच्या पैंजणांसारखे छुमछुम करत गावभर चुगल्या सांगणारे नव्हतो. आम्ही भारदस्त. आम्हाला पाहिलं की बाया विचारायच्या, "ही कोणाची सून गं?"

मला उघडझाप करायचा पेच नव्हता. लग्नात पायात चढवून सोनाराने माझी दोन्ही तोंडं हातोडीने जुळवून टाकली. सासूबाई म्हणाल्या, "आता हे सरणावरच उतरतील." रीतच तशी होती.

मग कामाची वर्षं आली. केळीच्या बागेतला चिखल, कापसाच्या शेतातली ढेकळं. माती मला घासत राहिली आणि मी लखलखत राहिलो. यशोदाबाईंचे मालक गेले तेव्हा हातातल्या बांगड्या गेल्या, कपाळाचं कुंकू गेलं. कोणीतरी माझ्याकडेही हात नेला. तेव्हा सासूबाईच आडव्या आल्या. "उद्यापासून शेत तिलाच चालवायचंय. तिचे पाय रिकामे करू नका." आणि तिने शेत असं चालवलं, की बाजारातले दलालही तिला 'अक्का' म्हणून उठून जागा देऊ लागले. अशा बाईच्या पायात असणं म्हणजे काय, ते पितळेच्या भांड्यांना कळायचं नाही.

पुढे नव्या सुना आल्या आणि आमची किंमत उतरली. धाकटी सून म्हणाली, "अक्का, या बेड्या कशाला वागवता?"

"बेड्या चोराला घालतात, बाई. साय कोण चोरून खातं ते मला ठाऊक आहे. आधी तुझे पाय दाखव."

पुन्हा घरात कोणी बेड्यांचं नाव काढलं नाही.

अक्कांची लेक मंजुळा अमेरिकेत होती. जावई अभिमन आधी दीपनगरच्या वीजकेंद्रात होता, तिकडे नोकरी लागली म्हणून गेला. मंजुळाचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. आता पुन्हा दिवस गेले, तेव्हा तिचा फोन आला. "अक्का, तू ये. तू जवळ असलीस तरच मी धीर धरेन." मग अभिमनने फोन घेतला. "अक्का, विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका. इथे माणूस आजारी पडला तर बिल भरता भरता घर उठतं."

म्हणून जळगावचे विमा एजंट पितांबरभाऊ घरी आले. त्यांनी दोन कागद पुढे ठेवले. "अक्का, हा लहान विमा. तपासणी नको, पण दुखणं मोठं निघालं तर पुरणार नाही. हा मोठा. याला साठीपुढच्या माणसाचा कार्डिओग्राम लागतो."

"मोठाच काढा," मोठा मुलगा सुकदेव म्हणाला.

"पूर्वीचा काही आजार?"

"काही नाही," सुकदेवच म्हणाला.

मित्रांनो, हे खरं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात कापूस वेचताना छातीत कळ येऊन अक्का बांधावर खाली बसल्या होत्या. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. घरात बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांनाच, माहीत होतं. पण आमच्याकडे गावाला निघालेल्या माणसाच्या दुखण्याचं नाव काढत नाहीत. नाव काढलं की दुखणं मागे मागे येतं म्हणतात. म्हणून सुना गप्प, शेजारी गप्प, आणि अक्काही गप्प.

जळगावच्या दवाखान्यात नसीमबी नावाची बाई ते यंत्र चालवायची. अक्कांना खाटेवर निजवून ती म्हणाली, "अम्मा, दोन्ही घोट्यांना पट्टे बांधायचेत. तोडे उतरवा."

"ते उतरत नाहीत, बेटी."

"मग कार्डिओग्राम निघणार नाही."

तसेच परत फिरलो. सुकदेव आणि पितांबरभाऊ बरोबर होते. एसटी स्टँडवर सुकदेवने युक्ती काढली. "पितांबरभाऊ, भागाकाकूला पाठवू. वय तेच, लुगडं तेच. कार्डिओग्रामच्या पट्टीवर काही तोंड छापून येत नाही." भागाबाई म्हणजे अक्कांची धाकटी जाऊ, अजून शेवग्याच्या झाडावर चढून शेंगा काढणारी. पितांबरभाऊ चष्मा पुसत बसले.

अक्का आधी हसल्या. मग त्यांचा आवाज चढला आणि त्या अहिराणीवर आल्या. "सुकदेव, भागाबाईनं काळीज चांगलं शे, माले माहीत शे. पन तिनी पट्टी मना गळामा बांधीसन तू माले परदेशात धाडशी? आनि तठे मनं काळीज बंद पडनं, तं भागाबाईनं तपासतीन का?"

स्टँडवरचे चार लोक वळून बघायला लागले. सुकदेवने मान खाली घातली.

"पितांबरभाऊ, खरं लिहा. छातीतली कळ पण लिहा."

"अक्का, लिहिलं तर हृदयाचा खर्च विम्यात धरणार नाहीत. कदाचित विमाच नाकारतील. मग जाणं राहिलं."

मी पायात होतो, मला कळलं. अक्कांची टाच जमिनीत रुतली होती. तिकडे लेक वाट बघत होती.

"लिहा," त्या म्हणाल्या.

मग आम्ही रुपचंद सोनाराच्या दुकानात गेलो. करवत हातात घेऊन तो थबकला. "अक्का, माझ्या बापाने जुळवलेलं तोंड. सरणाआधी कसं कापू?"

"तुझ्या बापाला लेक नव्हती का? काप."

करवत फिरली. मला दुखलं नाही असं कसं म्हणू? पण कापणारा पुन्हा पुन्हा थांबत होता आणि कापून घेणारीचा पाय स्थिर होता. मी कोणाच्या बाजूने असणार, तुम्हीच सांगा. रुपचंदने आम्हा दोघांना नवे पेच बसवून दिले.

कार्डिओग्राम निघाला. हृदयावर जुनी खूण सापडली. मोठा विमा मिळाला, पण हृदय वगळून. सुकदेव रडवेला झाला. "अक्का, नको जाऊ. नेमकं तेच दुखलं तर?"

"धुळ्याचे डॉक्टर जा म्हणतात ना? हृदयाकडे मी बघते, गोळ्या वेळेवर घेऊन. बाकीच्या अंगाकडे कंपनीने बघावं. वाटणी झाली."

मी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली, पण आपल्याला काय मिळालं नाही हे नीट समजून घेऊन मग पुढे पाऊल टाकणारी ही एकच.

अमेरिकेत मंजुळाला मुलगी झाली. सुखरूप. अक्कांनी तिला शेकलं, न्हाऊ घातलं, डिंकाच्या लाडवांसाठी जावयाला दुकानं पालथी घालायला लावली. सगळं छान चाललं असताना एका सकाळी अक्का पोट धरून बसल्या. पित्ताशयात खडे, ऑपरेशन लगेच. अभिमन विम्याचे कागद शोधायला धावला.

विमा कंपनीने जुने कागद मागवले. लोक आजार लपवून विमा काढतात, म्हणून त्यांची नजर बारीक. तिथल्या डॉक्टरांनी नवा कार्डिओग्राम काढला आणि नसीमबीच्या कार्डिओग्रामशेजारी धरला. हृदयावरची खूण तीच, माणूस तेच, धुळ्याच्या गोळ्यांची नोंदही तीच. लपवलेलं काहीच नव्हतं. कंपनीने ऑपरेशनचं सगळं बिल भरलं. तिथे भागाबाईचा कार्डिओग्राम असता तर? लेकीचा संसार त्या बिलाखाली गेला असता.

सुकदेवला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याने आधी टाक्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "अक्का, भागाकाकू तुझी आठवण काढते."

"तिला सांग, तिचं काळीज तिलाच लखलाभ!" टाके दुखत होते तरी अक्का हसल्या.

परत निघताना त्यांनी मला नातीच्या पाळण्यात ठेवलं. "एक तुला, एक मला." भाऊ त्यांच्याबरोबर चोपड्याला गेला. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. आता मी इथे कपाटात असतो, एका मोज्यात गुंडाळलेला. पायाची ऊब नाही, मातीचं घासणं नाही, हळूहळू काळा पडतोय. कधीतरी मंजुळाची मुलगी मला काढते, दोन्ही हातांनी तोलते आणि विचारते, "हे घालून आजी चालायची?" चालायची म्हणजे! सगळं घर तिच्या मागून चालायचं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना वर्षातून एकदा तरी फडक्याने पुसा. त्याहून जास्त मागणं नाही. पण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र रोज विचारा, कुठे दुखतंय का. ती उडवून लावतील, रागावतील, विषय बदलतील. तुम्ही तिथून उठू नका.