होडीतली सायकल

पुराचं पाणी जिन्याला लागलं, दारात सुटकेची होडी आली, तरी या पठ्ठ्याचं आपलं पंप कुठाय, हेल्मेट कुठाय, हेच चाललेलं. आज मित्रांबरोबर सुरू होणारी हजार किलोमीटरची सायकलसफर महिनाभर गावभर मिरवली होती. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार.

होडीत दोघांपुरतीच जागा उरली होती. शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या काकू मशीन पोटाशी धरून पुढे झाल्या. त्याने त्यांच्या आधी सायकल आत सरकवली आणि स्वतः चढला. जागा संपली.

"जा बाबा, मित्र खोळंबले असतील," काकू म्हणाल्या. "मी येते पुढच्या फेरीला."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुलावर मित्रांनी टाळ्या वाजवल्या. नावाडी मात्र होडी बांधायला लागला. "पाण्याला ओढ फार आहे. आता फेरी नाही."

"सामान भिजलं नाही ना रे?" एका मित्राने विचारलं.

त्याने मान खाली घातली. सायकलच्या पिशव्यांवर काकूंनी रात्री जागून शिवलेली रेनकोटच्या कापडाची खोळ होती. आत सगळं कोरडं ठणठणीत.

"नाही," तो म्हणाला.