दबून बसलेला राखाडी

थोरल्या दोघी लग्न करून केव्हाच उडाल्या. घरात उरली धाकटी, तिचे वडील आणि वडिलांचा जीव की प्राण, म्हणजे राखाडी सालीचा भोपळा. त्याचे नखरे काय विचारता! उमलायला आलेल्या कळ्या संध्याकाळी दोऱ्याने बांधायच्या, सकाळी नरफुलाचा पराग मादीफुलाला लावायचा, की पुन्हा गाठ. कारण शेजारच्या न्हाव्याच्या परसात नारिंगी भोपळे होते, आणि मधमाशीने तिकडचा पराग इकडे आणला की वाण बाटला. वडिलांचे हात थरथरत, म्हणून गाठ मारायला धाकटीच हवी. मैत्रिणीने शहरातल्या शिवणाच्या दुकानात तिच्यासाठी दोनदा जागा धरून ठेवली. दोन्ही वेळा भोपळा आडवा आला.

शेवटी गेल्या साली तिने बियाण्याच्या फुलाची गाठ मुद्दाम ढिली ठेवली. वाणच गेला की म्हातारा हात टेकेल, ही तिची अटकळ.

ते फळ राखाडीच धरलं. पराग कुणाचाही लागो, साल जाते आईच्या वळणावर. बापाचा रंग दिसतो तो त्या बिया पेरल्यावर. धाकटीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती वर्षभर मूग गिळून बसली.

यंदा वेलावर एकजात नारिंगी भोपळे लागले. तिने वडिलांना हाताला धरून परसात आणलं. तिला लाज वाटत होती, पण बॅग भरून कॉटखाली ठेवलेली होती.

म्हातारा खाली बसला, सालीवरून हात फिरवत राहिला.

"एखादी गाठ सुटली असेल," ती म्हणाली. "जाऊ द्या बाबा. संपला वाण."

"संपतोय कसला!" म्हातारा चक्क हसला. असा तो कित्येक वर्षांत हसला नव्हता. "राखाडी मेला नाही गं, नारिंगीखाली दबून बसलाय. या वेलाचा पराग याच वेलाला लावू. पुढच्या साली चारातला एखादा राखाडी निघेलच. मग आकार, चव बघत निवडत जायचं. पाच-सहा वर्षं धर."

"आणि कळ्या कोण बांधणार?"

"तू आहेस की." उठायला त्याने हात पुढे केला. "बघ, कळ्या आल्यात. दोरा आण."

तिने त्याला उठवलं. मग घरात जाऊन कॉटखालची बॅग ओढली आणि उघडली, कारण दोऱ्याची रिळं तिने आतच भरली होती.