अनिच्छुक

वजनमापं तपासायच्या त्या सरकारी कचेरीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. हुद्दा मात्र प्रयोगशाळा सहायकाचा. थेट भरतीतला नवा निरीक्षक रुजू झाला की साहेब त्याला सरळ तळघरात, तिच्याकडे पाठवत. प्रमाण वजन चिमट्यानंच उचलायचं, बोटाचा घाम लागला तरी ते बिघडतं. दुकानदार फारच गोड बोलायला लागला तर आधी पारड्याच्या खाली हात घालून बघायचा. असलं सगळं ती हुद्द्यात बसत नसतानाही जीव ओतून शिकवी. सहा महिन्यांत तोच माणूस तिचा वरिष्ठ होऊन तिच्याकडून अहवाल मागे.

तिच्यासारख्या आतल्या माणसाला निरीक्षक व्हायचं तर खात्याचं नऊ महिन्यांचं प्रशिक्षण करावं लागे. दर वर्षी प्रत्येक कचेरीतून दोन नावं जात. ती पाठवायचं काम अधीक्षक बाईंचं. त्यांना सगळे अक्का म्हणत. मास्तरणीला त्या सख्ख्या बहिणीहून जवळच्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी टिपण कसं लिहायचं ते अक्कांनीच शिकवलं होतं. सासूबाई जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्यात तिच्या शेजारी दिवसदिवस बसल्या त्याही अक्काच.

चार वर्षं तिचं नाव यादीत आलं नाही. यादी लागली की अक्का स्वतः तळघरात उतरत, तिच्या पाठीवरून हात फिरवत. "यंदाही वरूनच कापलं गं. आपला हात तिथवर पोचत नाही." मग तीच अक्कांची समजूत घाली, "असू दे अक्का, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

पाचव्या वर्षी मुख्य कचेरीतून नवा प्रशिक्षण अधिकारी आला. प्रत्येक कर्मचाऱ्याची पुढची वाटचाल ठरवायची म्हणून एकेकाला बोलावून घेत होता. सर्दीनं बेजार झालेला, रुमाल नाकाला लावूनच बोलणारा माणूस.

"बाई, इथले सगळे निरीक्षक तुमच्या हाताखालून गेलेत म्हणे. मग तुम्ही स्वतः का जात नाही?"

"नाव लागत नाही, साहेब."

त्यानं फाईल उलटसुलट केली. "लागत नाही कसं? तुम्हीच नकार दिलाय. चारदा."

त्यानं फाईल तिच्याकडे वळवली. चार कागद, चारही वर्षं एकच वाक्य: 'सासूबाई अंथरुणाला खिळून असल्याने सदर कर्मचारी अनिच्छुक.' खाली तिची सही कुठेच नव्हती. अक्कांची होती, गोल, ठसठशीत. अक्षरही त्यांचंच. ते अक्षर गिरवूनच तर ती लिहायला शिकली होती.

"हे मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं रुमाल खाली ठेवला. "बाई, पंचेचाळीसची अट आहे. तुम्हाला गेल्याच महिन्यात पंचेचाळीस पूर्ण झाली."

घरी तिनं सांगितलं तेव्हा नवरा मशीनवर शर्ट शिवत होता. त्याचा पाय थांबला. सासूबाई मात्र उसळल्याच. "चार वर्षं मला अंथरुणाला खिळवून ठेवलं होय? मग गच्चीवर पाण्याच्या बादल्या काय भूत नेतंय?"

नवरा म्हणाला, "उद्या रजा टाक."

"नाही. उद्या तर जायचंच."

भाजी चिरता चिरता तिला दवाखान्यातलं बाकडं आठवलं. अक्कांनी आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली होती. ती माया खोटी असती तर बरं झालं असतं, मन मोकळं करून चिडता तरी आलं असतं. पण ती खोटी नव्हती. विळीवर बोट कापलं, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

सकाळी ती अक्कांच्या टेबलापाशी उभी राहिली. कागदांच्या प्रती समोर ठेवल्या. अक्कांनी आधी कागदांकडे बघितलं, मग दाराकडे.

"बस ना."

"बसायला नाही आले."

"पहिल्या वर्षी खरंच होतं ते. तूच माझ्यापाशी रडली होतीस."

"दोन महिने, अक्का. दोन महिन्यांत त्या काठी टाकून चालायला लागल्या. तुम्हीच घरी येऊन बघून गेलात."

"तू नऊ महिने गेली असतीस तर खालचं कोण बघणार होतं? साहेबांनी मलाच धारेवर धरलं असतं."

"मग तसं म्हणायचं. मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता. एखादं वर्ष थांबलेही असते तुमच्यासाठी. पण वरून कापलं म्हणालात! मीच तुमची समजूत काढत बसले."

अक्कांनी त्या प्रती उलट्या करून ठेवल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "परत आली असतीस ती माझ्या डोक्यावर साहेबीण होऊन. तीस वर्षं याच खुर्चीत काढली मी. मला कुणी पाठवलं होतं?"

खोट्याला द्यायची उत्तरं तिनं रात्रभर जमवली होती. हे मात्र खरं होतं. ती तळघरात गेली आणि तक्रार लिहायला बसली.

कचेरीत कुजबुज सुरू झाली. तिच्याच हाताखाली शिकलेला एक निरीक्षक येऊन म्हणाला, "तीन महिन्यांवर निवृत्ती आलीय बाईंची. आता कशाला?"

"माझी चार वर्षं गेली, तेव्हा कुणी असं मोजलं होतं का?" तिनं विचारलं. तो नजर चुकवून वर निघून गेला.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. अक्कांना लेखी ताकीद मिळाली. यापुढे नकारावर कर्मचाऱ्याची स्वतःची सही घ्यावी, असा हुकूम निघाला. तिच्या वयाबद्दल मात्र एकच ओळ होती: नियमात तरतूद नाही. त्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या टंकलेखक बाईचं नाव लागलं. ती धावत सांगायला आली. मास्तरणीनं तिला मनापासून शाबासकी दिली, तिला काय काय वाचायचं ते लिहून दिलं, आणि ती गेल्यावर दार लोटून घेतलं.

प्रशिक्षण अधिकाऱ्याचा फोन आला. शिकवणाऱ्यांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग होता. वयाची अट नाही, पण बढतीही नाही. निदान ती जे करते त्याला कागदावर नाव मिळालं असतं. तिनं अर्ज भरला, दोन बस बदलून स्वतः मुख्य कचेरीत नेला आणि पोच मिळेपर्यंत खिडकीपासून हलली नाही.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर अक्का तळघरात उतरल्या. ती समारंभाला गेली नव्हती.

"येते मी," अक्का म्हणाल्या.

"सांभाळून जा, अक्का."

अक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या. आणखी एखादा शब्द येईल म्हणून असेल. तो आला नाही, तेव्हा त्या वळल्या. अर्ध्या जिन्यात त्या दम खायला थांबल्या, ते तिला ऐकू आलं. पूर्वी ती धावत जाऊन हात द्यायची. ती जागची उठली नाही.