स्कोद्राच्या लेकी

राजा गेला आणि त्याच्या दोन्ही लेकींनी बोलणं टाकलं. भांडण जुंपलं ते वडिलांच्या काळ्या घोड्यावरून. धाकट्या बिर्केन्नाला तो हवा होता, थोरल्या त्रितनालाही. स्कोद्राच्या गडावर हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काका प्लातोरच्या तर ते चांगलंच पथ्यावर पडलं.

एका सकाळी तो बिर्केन्नाकडे आला. "पोरी, डोंगरापलीकडच्या राजाने तुला मागणी घातलीय. तुझी ताई म्हणाली, द्या पाठवून, ब्याद जाईल."

बिर्केन्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण क्षणभरच. ताई हट्टी होती, तोंडाची फटकळ होती. मात्र तिला काही सुनावायचं असलं की ती समोर येऊन सुनावायची. काकाला मध्ये घालणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"बरं काका," ती म्हणाली, "काय ते सभेत सांगते."

सभा भरली. मधाच्या मद्याचे प्याले फिरत होते, परका दूत मिशीला पीळ देत बसला होता. बिर्केन्ना भर सभेत त्रितनापुढे जाऊन उभी राहिली.

"ताई, मी ब्याद का गं?"

"आहेसच!" त्रितना फणकारली. "पण लग्नाला तूच उतावीळ झालीयेस ना? वर आंदण म्हणून बंदरही मागितलंस! काकाच म्हणाले."

दोघींनी एकदमच काकाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"राज्याच्या भल्यासाठीच गं..." तो चाचरला.

"मला परदेशी धाडून, ताईला एकटं पाडून गादीवर कोण बसणार होतं? तुम्हीच ना?" बिर्केन्नाने विचारलं. म्हातारे सरदार खो खो हसले, आणि तिथेच काकाची बाजू संपली.

ती दूताकडे वळली. "तुमच्या राजाला सांगा, मैत्री करू, आमच्या किनाऱ्याचं मीठही देऊ. नवरी मिळायची नाही. आणि जाताना आमच्या काकांना घेऊन जा. तुमचं त्यांच्याशी छान जमतं."

सरदारांनी ढाली वाजवल्या. त्रितना वडिलांच्या आसनावर बसली, जणू रोजचीच जागा.

"काळा घोडा माझा, नावांचा ताफा तुझा," ती धाकटीला म्हणाली. "नदीच्या मुखाशी चाचे माजलेत. जमेल?"

"विचारतेस काय? माणसं दे."

"निवडून घे. माझे चांगले वल्हेकरी तेवढे पळवू नकोस."

बिर्केन्नाने नेमके तेच निवडले. दुपारी तिच्या नावा गडाखालचं तळं ओलांडून नदीला लागल्या.