कोऱ्या गोधडीची नीज

गोधडी पुरी झाली आणि सोजरबाईची झोप गेली.

तसा कासारवाडीत झोपेचा आधीच तुटवडा. रस्त्यापलीकडच्या कारखान्यातला प्रेस दिवसरात्र आदळायचा, आणि रेल्वे गेली की फळीवरची भांडी आपसांत बोलू लागायची. पण त्या आवाजांशी सोजरबाईचा समझोता जुना. आता जे टोचत होतं, ते पेटीवर घडी घालून ठेवलेलं होतं.

गोधडी हेल्गाबाईंची. सोजरबाईचा किसन ज्या कंपनीत कामाला, तिथल्या जर्मन साहेबाची ही बायको. दोरीवर वाळणाऱ्या वाकळा बघून तिनं एकदा मोटार थांबवली ती कायमचीच. तिला गोधडी हवी होती भिंतीवर टांगायला, तिच्या देशातल्या प्रदर्शनासाठी. एका अंगाला पवना नदी, म्हणजे बाभळी, बगळा, खेकडा, मरळ. दुसऱ्या अंगाला तिच्या गावची नदी, काठावर बर्फ. आणि मधोमध शेपूट नाचवणारा परीट पक्षी, जो दसऱ्यानंतर इकडे येतो आणि होळीच्या सुमाराला तिकडे निघतो.

"हा पक्षी तुझा पण, माझा पण," हेल्गाबाई म्हणायची. मराठी ती बंगल्यावरच्या माळ्याकडून शिकलेली.

"मग त्याचं भाडं कोण देतं?" शेजारची कमरुन्निसा सोजरबाईच्या कानात म्हणायची. चांदभाई टेलरची ही बायको. कापडाची पाखरं कापावीत तर तिनंच. धावदोरा सोजरबाईचा. पवनेसाठी सोजरबाईनं आपलं निळं लुगडं फाडलं होतं. पाण्यावर तेलाचा तवंगही दाखवावा असं तिचं मत होतं, कारण कारखान्याच्या नाल्याखाली नदी तशीच चकाकते. पण हेल्गाबाई मान हलवत राहिली, "नको, नको. स्वच्छ."

बरं, नदी तिची नाही पण गोधडी तिची, असं म्हणून सोजरबाईनं माघार घेतली. दुसऱ्या गोष्टीत मात्र माघार नव्हती. कोरी गोधडी घराबाहेर जात नाही. आधी कुणीतरी तिच्याखाली निजायचं, मगच द्यायची. शिवणारीची नीज धरत नाहीत, कापणारीचीही नाही. एकदा घाईत जावेला, सुभद्राबाईला, कोरीच दिली. तिच्या घरात अजून कुणाचा डोळा लागत नाही. सुभद्राबाईचं घर भाताच्या गिरणीला चिकटून आहे, हे सोजरबाई हिशेबात धरत नसे.

आणि हेल्गाबाईनं तर बजावलं होतं, "एक सुरकुती नको. वापरलेली प्रदर्शनात घेत नाहीत." आज दुपारी मोटार येणार होती.

"गप दे ना, बाई," कमरुन्निसा म्हणाली. "भिंतीला कुठं झोप लागते?"

"भिंतीला न्हाई. पण त्या घरात ती बाई ऱ्हाती. तिच्या डोळ्याखालचं काळं बघितलंस का? आधीच झोप न्हाई तिला, त्यात ही कोरी दिऊ?"

सकाळी किसन तिसऱ्या शिफ्टहून आला. भर दिवसा झोपणारी माणसं हवी असतील तर या पट्ट्यात ढिगानं. सोजरबाईनं त्याला पाय धुवायला लावले, न्याहारी दिली आणि वर गोधडी टाकली.

"आये, फाल्गुनात गोधडी?"

"गप नीज."

किसन या कुशीवरून त्या कुशीवर. घामाघूम झाला. शेवटी लाथेनं पवना उडवून उघड्या फरशीवर गेला आणि तिथं लगेच घोरू लागला. सोजरबाईनं चांदभाईला हाक मारली. चांदभाई दारातूनच म्हणाला, "वहिनी, अंगावर खेकडा घेऊन मला झोप येईल का?"

तेवढ्यात कमरुन्निसा किंचाळली. परटाच्या पायाशी, निळ्या पाण्यावर, किसनच्या टाचेएवढा काळपट डाग. धुतल्या पायांच्या भेगांतलं मशीनचं तेल, नुसत्या पाण्याला कुठलं दाद देतंय! साबण लावला तर तो आणखी फाकला.

"वरून एक मासा लावू?" कमरुन्निसा कात्री शोधू लागली. पण दारात मोटारीचा धुरळा आला. दोघींनी डाग आत जाईल अशी घडी घातली. कोरी ती कोरीच राहिली, वर डागाळली.

हेल्गाबाई आली ती थकून. खाटेवर बसली, घडी उलगडली, डाग पाहिला. कमरुन्निसा छताकडे पाहू लागली.

"माझ्या पोराचा पाय हाय त्यो," सोजरबाई म्हणाली. लपवून काही उपयोग नव्हता. "आमच्यात कोरी देत न्हाईत. कुनी निजावं लागतं. त्यो काय निजला न्हाई, घाण मातुर केली. तुमी नगं म्हनला तर मी ठिऊन घेते."

हेल्गाबाईनं डाग नाकाशी नेला. मग गालाशी.

"माझा साहेब," ती म्हणाली. "घरी येतो, असाच वास. मी म्हणते, धू, धू. जात नाही." ती हसली, मग हसणं अर्धवटच राहिलं. साहेब गेले कित्येक दिवस नव्या मशीनपायी रात्र रात्र कारखान्यातच राहत होता, हे किसनकडून सोजरबाईला ठाऊक होतं. "हा डाग तिकडे येऊ दे. प्रदर्शनवाले नाही म्हणाले, तर घरात टांगते."

"टांगू नगा. पांघरा," सोजरबाईच्या तोंडून गेलं.

"थोडी बसते," हेल्गाबाई म्हणाली, आणि बसल्या बसल्या कलंडली. बर्फाची बाजू पायांवर आली, पवना हनुवटीपर्यंत. पलीकडे प्रेस आदळत होता, खाली किसन घोरत होता, रेल्वे गेली तशी फळीवरची भांडी वाजली. ती हलली नाही.

बाहेर ड्रायव्हर नवाबनं हॉर्न दिला. सोजरबाई लाटणं घेऊनच दारात धावली.

"ए नवाब, वाजवू नगंस मेल्या! गोधडी निजतीय."