भरल्या अंगाची

पार्बताबाईंनी लेकीचा हात धरून बांगड्या वर सरकवल्या, तर त्या थेट कोपरापाशी जाऊन थांबल्या. प्रतीक्षानं हसून हात सोडवून घेतला आणि पिशव्या उचलल्या.

"एवढं काय आणलं आई?"

"ज्वारीचं पीठ हाय. शेंगदाण्याचे लाडू हायेत. कालच लोणी कढवलं, ते तूप हाय."

दर्यापूरहून पहिल्या बसनं त्या अमरावतीला आल्या होत्या, न कळवता. गल्लीतल्या माणिकबाईला एका लग्नात प्रतीक्षा भेटली होती. परत आल्यावर माणिकबाई दारातूनच म्हणाली होती, "तुही पोरगी पार वाळली. सासरी जेवाले देत नाईत का?" ते ऐकून पार्बताबाईंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

लग्नाआधी प्रतीक्षा काडीसारखी होती, तेव्हा पाहायला आलेले लोक चहा पिऊन गप उठून गेले होते. या घरी खायला नसेल, असं त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मग पार्बताबाईंनी भाजीच्या मळ्यातलं काम सांभाळून वर्षभर पोरीला दूध आणि डिंकाचे लाडू घातले. रोहितचं स्थळ जमलं तेव्हा गल्ली म्हणाली, पोरगी खात्यापित्या घरची दिसते. आता सासरचे तिला उपाशी ठेवत असतील, तर आजच सोबत घेऊन परतायचं, असं ठरवूनच त्या निघाल्या होत्या.

पण या घरात फ्रिज भरलेला होता, टेबलावर फळांची टोपली होती. विहीणबाई सुभद्राताई मूळच्या हिवरखेडच्या, पण इतकी वर्षं शहरात राहून त्यांची बोली बदलून गेली होती. त्या आपुलकीनं म्हणाल्या,

"आली तेव्हा हिला कुठलाच ड्रेस नीट बसत नव्हता. आता बघा, किती छान दिसते."

"हो," पार्बताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर आपल्या दोन्ही भरल्या खांद्यांवरून ओढून घेतला.

स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता त्यांनी हळूच विचारलं,

"खरं सांग. पोटभर देतात का तुले?"

"देतात. मीच नाई खात."

"काहून?"

प्रतीक्षानं गॅस बारीक केला. "इथल्या बाया साऱ्या बारीक हायेत आई. भिशीत एक जण म्हणे, गावाकडच्या पोरी पुढं जाऊन आईसारख्याच होतात. तिनं तुले लग्नात पाह्यलं होतं." ती थांबली. "साऱ्या हासल्या. मी बी हासली."

तव्यावरची भाकर उलटायची राहून गेली. रोहितच्या वाढदिवसाला 'येऊ नको, घरात गर्दी हाय' असं प्रतीक्षानं का सांगितलं होतं, ते पार्बताबाईंना आता न विचारताच समजलं. करपलेली भाकर त्यांनी स्वतःसाठी बाजूला ठेवली.

रोहित कामावर होता. जेवायला तिघीच. सुभद्राताईंनी नेहमीसारखी काकडीची वाटी पुढ्यात घेतली. पार्बताबाई लेकीच्या ताटात तूप वाढायला वाकल्या, तर प्रतीक्षानं ताटावर हात आडवा धरला. त्यांनी चमचा मागे घेतला.

"इकडे वाढा," सुभद्राताई म्हणाल्या.

त्यांनी वाटी बाजूला सारून भाकर घेतली, तिच्यावर तूप पसरलं आणि झुणक्याशी पहिला घास खाल्ला. मग दुसरा. खाली मान घालूनच त्या म्हणाल्या,

"माही माय अशीच वाढे. नको म्हटलं तरी वाढे."

प्रतीक्षा त्यांच्याकडे पाहत राहिली. सासूच्या तोंडून ही बोली तिनं कधी ऐकली नव्हती.

"हिला मी कमी खा असं कधी म्हटलं नाही, ताई," सुभद्राताई पुन्हा नेहमीच्या भाषेत आल्या. "खा असंही नाही म्हटलं."

पार्बताबाई अजून उभ्याच होत्या. या बाईशी काय काय बोलायचं ते बसमध्ये मनात जुळवलं होतं, त्यातलं काहीच त्यांना आठवेना.

"दोन दिवस राहू का मी इथं?" त्यांनी विचारलं.

"राहा ना," सुभद्राताई म्हणाल्या.

प्रतीक्षानं शेजारची खुर्ची ओढली. आई बसली. तिनं स्वतःसाठी ठेवलेल्या करपलेल्या भाकरीचा पापुद्रा प्रतीक्षानं अलगद सोलून काढला आणि न विचारता तोंडात टाकला.